कारखान्यातील नशा-तपासणी : ती काय दाखवते आणि काय दाखवत नाही

सुरत हे अहोरात्र चालणाऱ्या यंत्रांचे शहर आहे. पांडेसरा आणि सचिन येथील वसाहतींत कापड रंगविणाऱ्या गिरण्यांचे बाष्पक थंड होत नाहीत, यंत्रमागांच्या पाळ्या रात्रीही चालू असतात, आणि तापीच्या मुखाशी हजिऱ्याला वायू, खत, पोलाद यांचे असे प्रचंड कारखाने उभे आहेत की, तेथे एका माणसाच्या क्षणभराच्या गाफीलपणाची किंमत अनेकांना द्यावी लागते. या कामांवर ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार येथील माणसांबरोबर खानदेशातील हजारो मराठी माणसेही आहेत. नंदुरबार, अमळनेर, जळगावकडून तापीच्या खोऱ्यातील रेल्वेने आलेली ही कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली आहेत. अशा शहरात 'कामगारांची नशेसाठी तपासणी करावी काय' हा प्रश्न निघाला म्हणजे दोन भीती समोरासमोर उभ्या राहतात. मालकाला भीती अपघाताची, कामगाराला भीती रोजी जाण्याची. दोन्ही खऱ्या आहेत, आणि म्हणूनच ही तपासणी नेमकी काय सांगते व काय सांगत नाही हे दोघांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

कारखान्यातील तपासणीची आजची पद्धत मूळची अमेरिकेतील. २६ मे १९८१ रोजी 'निमिट्झ' या विमानवाहू नौकेच्या धावपट्टीवर उतरताना एक विमान कोसळले आणि चौदा जण मृत्युमुखी पडले. मृतांपैकी काहींच्या शरीरात गांजाचे अंश सापडले. त्यानंतर अमेरिकी नौदलाने तपासणीची व्यापक मोहीम हाती घेतली. १९८६ साली अध्यक्ष रेगन यांच्या आदेशाने ती सरकारी नोकरांना लागू झाली आणि १९८८ मध्ये तिचे नियम ठरले. त्या नियमांत पाच पदार्थ होते : गांजा-चरस, कोकेन, अफूवर्गीय द्रव्ये, अ‍ॅम्फेटामिन आणि फेनसायक्लिडिन. आज बाजारात 'पाच पदार्थांची पट्टी' म्हणून जी मिळते, तिचे मूळ या यादीत आहे. ती यादी अमेरिकेतील त्या काळच्या व्यसनांवरून बनलेली होती, सुरतेतील आजच्या व्यसनांवरून नव्हे, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

तपासणी निवडण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. जाणून काय घ्यावयाचे आहे? हा मनुष्य या घटकेला नशेत आहे काय, हा एक प्रश्न. गेल्या काही दिवसांत त्याने काही घेतले आहे काय, हा दुसरा. त्याला दीर्घकाळचे व्यसन आहे काय, हा तिसरा. हे तीन प्रश्न सामान्य बोलण्यात एकच वाटतात, परंतु त्यांची उत्तरे शरीराच्या वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर श्वास आणि रक्त देतात. दारूच्या बाबतीत श्वासमापक यंत्र हे सोपे व भरवशाचे साधन होय. फुप्फुसातील हवा आणि रक्त यांतील मद्यार्काचे प्रमाण परस्परांशी बांधलेले असते, म्हणून फुंकरीवरून रक्ताचा अंदाज बांधता येतो. मोटार वाहन कायद्याने चालकासाठी शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे. रेल्वेचे इंजिनचालक कामावर रुजू होताना याच यंत्रात फुंकर मारतात. गुजरातेत तर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा वारसा राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, चालत आला आहे. तरीही दारूबंदी असलेल्या राज्यात दारूची तपासणी अनावश्यक आहे असे कोणी समजू नये. आणि याहूनही मोठा गैरसमज असा की, अमली पदार्थांची मूत्रपट्टी दारूही दाखविते. नेहमीची पट्टी दारू दाखवीत नाही. मद्यार्क शरीरातून काही तासांत निघून जातो, आणि त्यासाठी वेगळी चाचणी लागते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मूत्र देते, तर तिसऱ्याचे काही अंशी केस. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून मुळापासून कापलेल्या तीन सेंटिमीटर केसांत सुमारे तीन महिन्यांचा इतिहास साठलेला असतो. मात्र कालपरवा घेतलेली वस्तू त्यांत सापडत नाही, कारण तो भाग अजून त्वचेच्या बाहेर आलेला नसतो. लाळ ही मधली वाट होय. ती साधारणपणे एक-दोन दिवसांतील सेवन दाखविते आणि देखरेखीखाली घेता येत असल्यामुळे तिच्यात फसवणुकीला वाव कमी असतो.

कारखान्यांत सर्वाधिक चाल आहे ती मूत्रतपासणीची, कारण ती स्वस्त आहे आणि पाच मिनिटांत होते. परंतु मूत्रात जे सापडते ते बहुधा मूळ द्रव्य नसून शरीराने त्याचे विघटन करून टाकलेला अवशेष असतो. चुलीतील राख पाहून येथे स्वयंपाक झाला होता एवढे सांगता येते. चूल आता पेटलेली आहे की नाही, हे राख सांगत नाही. कोकेनचा अवशेष दोन ते चार दिवस, अ‍ॅम्फेटामिन एक ते तीन दिवस आणि अफूवर्गीय द्रव्ये दोन-तीन दिवस मूत्रात राहतात. गांजाचे मात्र निराळे आहे. त्याचे द्रव्य चरबीत मुरते आणि सावकाश बाहेर पडते. एकदाच सेवन केले तर तीन-चार दिवस, पण रोज ओढणाऱ्याच्या मूत्रात ते महिनाभर किंवा त्याहूनही अधिक काळ दिसू शकते. महाशिवरात्रीला प्रसाद म्हणून भांग घेतलेला मनुष्य दोन दिवसांनी पूर्ण शुद्धीवर कामावर येईल आणि तरीही पट्टीवर गांजा दिसेल. उलट, पहाटे कोकेन घेऊन ताबडतोब तपासणीला आलेल्या माणसाचे मूत्र कदाचित अजून निर्दोष असेल. 'निमिट्झ'वरील मृतांच्या शरीरातील गांजाच्या अंशांचा अर्थही याच कारणाने जपून लावावा लागतो. केवळ अवशेष सापडल्याने ते त्या क्षणी नशेत होते, हे सिद्ध होत नाही.

आता ही पट्टी कशी चालते ते पाहू गेल्यास, तिचे तत्त्व 'प्रतिद्रव्य' या जैविक पदार्थावर आधारलेले आहे. कुलपाला किल्ली बसावी तसे विशिष्ट प्रतिद्रव्य विशिष्ट रेणूला बसते. रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५९-६० च्या सुमारास या गुणाचा उपयोग करून रक्तातील अत्यल्प द्रव्ये मोजण्याची युक्ती शोधली. यालो यांना तिच्यासाठी १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पट्टीवर अमली द्रव्याचा थोडा अंश आधीच चिकटविलेला असतो. मूत्र वर चढत जाते तसे ते रंगीत प्रतिद्रव्याला बरोबर घेऊन जाते. मूत्रात अमली द्रव्य नसेल तर प्रतिद्रव्य पट्टीवरील अंशाला जाऊन चिकटते आणि रेघ उमटते. मूत्रात द्रव्य असेल तर प्रतिद्रव्य वाटेतच त्याने अडविलेले असते, आणि रेघ उमटत नाही. म्हणजे रेघ उमटली तर मनुष्य निर्दोष, न उमटली तर संशयित. गर्भतपासणीच्या किंवा करोनाच्या पट्टीची सवय झालेल्या माणसाला हे उलटे वाटते, आणि घाईत वाचणारा पर्यवेक्षक नेमका येथेच घोटाळा करू शकतो. रेघ फिकट असली तरी ती रेघच होय, तिचा निकाल 'नाही' असाच धरावयाचा. नियंत्रणाची वेगळी रेघ उमटलीच नाही, तर पट्टी बिघडलेली समजून टाकून द्यावी. बहुतेक पट्ट्या तीस अंशांपेक्षा कमी तापमानात ठेवाव्या लागतात. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या छपराखालील कपाटात पडून राहिलेल्या पट्टीवर कोणाची नोकरी अवलंबून ठेवणे उचित नव्हे.

रेघ उमटणे न उमटणे हे 'मर्यादे'वर अवलंबून असते. गांजाच्या अवशेषासाठी प्राथमिक चाचणीची रूढ मर्यादा दर मिलिलिटरला पन्नास नॅनोग्रॅम आहे. त्याखालील प्रमाण पट्टीच्या दृष्टीने शून्यच. 'निर्दोष' याचा अर्थ 'काहीच नाही' असा नसून 'ठरविलेल्या रेषेखाली' एवढाच असतो. ही रेषा कोठे ओढावी याचा धडा मराठी स्वयंपाकघराला जवळचा आहे. खसखस ही अफूच्याच बोंडातील बी. तिच्यावर मॉर्फिनचा अल्प अंश चिकटलेला असतो. अनारशावर लावलेली खसखस, खसखशीची खीर, मसाल्याच्या वाटणातील खसखस यांतून तो पोटात जातो आणि मूत्रात उतरतो. अमेरिकेत अफूवर्गीय द्रव्यांची मर्यादा प्रथम तीनशे नॅनोग्रॅम होती. खसखस खाणारी निरपराध माणसे तिच्यात सापडू लागल्यामुळे १९९८ मध्ये ती दोन हजारांवर नेण्यात आली. तथापि तीनशेच्या मर्यादेच्या पट्ट्या आजही बाजारात विकल्या जातात. दिवाळीनंतरच्या आठवड्यात अशी पट्टी वापरणाऱ्या व्यवस्थापकाने तिच्या पाकिटावरील आकडा आधी वाचला पाहिजे.

याहून गंभीर प्रश्न औषधांचा आहे. प्रतिद्रव्याचे कुलूप अगदी चोख नसते, सारख्या घडणीची दुसरी किल्लीही कधीकधी त्यात फिरते. सर्दीच्या गोळीतील स्यूडोएफेड्रिन अ‍ॅम्फेटामिनसारखे दिसू शकते. लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन यांसारखी जंतुनाशके काही चाचण्यांत अफूवर्गीय म्हणून उमटतात. क्षयरोगावरील रिफाम्पिसिननेही काही पद्धतींच्या चाचण्यांत असाच दोष दिल्याची नोंद आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. रिफाम्पिसिन सहा महिने रोज घ्यावे लागते. दाट वस्तीत राहून, तंतूंच्या धुळीत काम करून, निष्ठेने औषध घेत असलेला रोगी पट्टीच्या एका चुकीमुळे 'गर्दुल्ला' ठरावा, आणि रोजी जाऊन त्याचे औषधही खंडित व्हावे, याइतका मोठा अन्याय दुसरा नाही. खोकल्याच्या काही औषधांतील कोडीनची गोष्ट त्याहून वेगळी. त्याचे शरीरातच मॉर्फिन होते, म्हणून तेथे चाचणी चुकत नाही, परंतु वैद्याने लिहून दिलेले औषध घेणे हा गुन्हाही नव्हे.

एकीकडे निरपराध सापडतो, तर दुसरीकडे खरा नशेबाज सुटतो. गुजरात आणि महाराष्ट्र येथील पोलिसांच्या कारवायांत 'एमडी' म्हणून ज्या मेफेड्रोनचे नाव वारंवार येते, ते २०१५ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आहे. परंतु सामान्य अ‍ॅम्फेटामिन-पट्टी ते भरवशाने ओळखत नाही. वेदनाशामक ट्रामाडोल २०१८ साली याच कायद्याखाली आले. जड काम करणारे मजूर अंगदुखी विसरण्यासाठी ते गिळतात, पण अफूवर्गीय द्रव्यांची नेहमीची पट्टी तेही पकडीत नाही. थिनर, गोंद यांचा वास घेण्याचे व्यसन तर तिच्या आवाक्याबाहेरचेच. याउलट, ज्याचा येथे क्वचितच उपयोग होतो ते फेनसायक्लिडिन पाच पदार्थांच्या पट्टीत हटकून असते. तेव्हा केवळ 'पाच' किंवा 'दहा' हा आकडा पाहून पट्टी विकत घेणे म्हणजे परक्या गावचे वेळापत्रक घेऊन सुरतच्या स्थानकावर गाडीची वाट पाहणे होय. या शहरात, या कामावर कोणता धोका आहे हे वैद्याकडून समजून घेऊन मगच पदार्थांची यादी ठरविली पाहिजे.

चुकीचे प्रमाण थोडे असले तरी तिचा परिणाम किती मोठा होतो, हे साध्या हिशेबाने कळेल. समजा, एका गिरणीत एक हजार कामगार आहेत आणि त्यांपैकी वीस जण खरोखर अमली पदार्थ घेतात. समजा, चाचणी शंभरातून पंचाण्णव वेळा बरोबर आहे. वीसपैकी एकोणीस सापडतील. परंतु उरलेल्या नऊशे ऐंशी निर्दोष माणसांपैकी पाच टक्के, म्हणजे एकोणपन्नास, तेही संशयित ठरतील. एकूण अडुसष्ट संशयितांपैकी एकोणपन्नास निरपराध! चाचणी पंचाण्णव टक्के बरोबर असूनही तिने बोट दाखविलेल्या दर दहांपैकी सातांनी काहीच केलेले नसते. तीच पट्टी पुन्हा लावून हा दोष जात नाही, कारण दोषाचे मूळ जे औषध ते अजून शरीरातच असते आणि ती चूक जशीच्या तशी पुन्हा होते.

म्हणून पट्टीचा निकाल हा निकाल नव्हे, ती केवळ सूचना होय. खरा निर्णय दुसऱ्या तत्त्वावर चालणाऱ्या चाचणीने करावा लागतो. प्रयोगशाळेतील वर्णलेखन आणि वस्तुमान-पंक्तिमापन यांची जोड-पद्धती मिश्रणातील प्रत्येक द्रव्य प्रथम वेगळे करते, मग त्याचे तुकडे करून त्यांचे वजन पाहते. रिफाम्पिसिन आणि मॉर्फिन यांत ती गल्लत करीत नाही. हेरॉइनमुळेच निर्माण होणारा विशिष्ट अवशेष ती स्वतंत्र दाखवू शकते, आणि तो खसखशीतून कधीच येत नाही. त्यानंतरही एक काम उरते. वैद्याने कामगाराला बोलावून कोणती औषधे चालू आहेत हे एकांतात विचारणे आणि कागद पाहणे, हे ते काम होय. यंत्र द्रव्य सांगते, पण कारण माणसालाच विचारावे लागते. विमान वाहतूक खात्याने ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिक व विमान नियंत्रक यांच्यासाठी जी तपासणी लागू केली, तिच्यातही प्राथमिक व खातरजमेची अशा दोन पायऱ्या आहेत, आणि पहिल्यांदा दोषी ठरणाऱ्याला व्यसनमुक्तीसाठी पाठविण्याची तरतूद आहे. विमानाला जी सावधगिरी योग्य वाटली, ती बाष्पकाजवळच्या मजुराला नाकारण्याचे कारण नाही.

नमुना घेण्याची रीतही निकालाइतकीच महत्त्वाची आहे. नमुना कामगारासमोर दोन बाटल्यांत विभागून मोहोरबंद करावा आणि त्यावर त्याची सही घ्यावी. वाद झाल्यास दुसरी बाटली दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठविता येते. ताज्या मूत्राचे तापमान चार मिनिटांच्या आत बत्तीस ते अडतीस अंशांच्या दरम्यान असावे लागते, अन्यथा बदलाबदलीचा संशय येतो. मूत्रातील क्रिअ‍ॅटिनिन शंभर मिलिलिटरला वीस मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर ते पातळ समजतात. परंतु रंगाईच्या गिरणीत वाफेजवळ उभा असणारा मनुष्य उन्हाळ्यात तांब्यामागून तांब्या पाणी पितो. त्याचे मूत्र पातळ निघाले तर तो लबाडीचा पुरावा नव्हे. त्याचा नमुना दुसऱ्या वेळी घ्यावा, एवढेच.

कायद्याच्या बाजूने पाहता, खासगी कारखान्यांनी सर्व कामगारांची अशी तपासणी केलीच पाहिजे असा सर्वसाधारण दंडक नाही. १९४६ च्या औद्योगिक स्थायी आदेश कायद्याखालील नमुना नियमांत कामावर मद्यधुंद असणे हे गैरवर्तन मानले होते. तेथे रोख कामावरील अवस्थेवर होता, आठ दिवसांपूर्वीच्या अवशेषावर नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, त्यामुळे लेखी संमती, लेखी धोरण आणि निकालाची गुप्तता यांना आता अधिकच वजन आले आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही कलम ६४-अ आहे. स्वतःहून मान्य संस्थेत उपचारासाठी जाणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या व अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देण्याची त्यात सोय आहे, मात्र उपचार पुरा केला पाहिजे. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संहितेने व्यसनाकडे इतर आजारांप्रमाणेच पाहावे असे सांगितले आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा कामगारालाही खुली आहे आणि त्याच्या कुटुंबालाही. हा क्रमांक कारखान्याच्या फलकावर लिहिला तर त्याला पट्टीइतकाही खर्च येत नाही.

शेवटी आणखी एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. सलग बारा तासांची रात्रपाळी करून पेंगुळलेल्या माणसाच्या मूत्रात काहीही सापडत नाही. त्याची पट्टी स्वच्छ निघते, आणि हात मात्र यंत्रात जातो. थकव्याची, उपाशीपोटी केलेल्या कामाची, अपुऱ्या झोपेची पट्टी अद्याप निघालेली नाही. मजूर गोळी किंवा पूड का घेऊ लागतो याचे एक उत्तर बहुधा त्या पाळीतच दडलेले असते. ज्या मालकाला खरोखर अपघात टाळावयाचा आहे, त्याने कामावर येणाऱ्याचे डोळे, चाल व बोलणे पाहणारा जाणता मुकादम ठेवावा, धोक्याच्या जागी श्वासमापक ठेवावा, मूत्रतपासणी करावयाचीच असल्यास खातरजमेच्या चाचणीसह करावी, आणि तिच्या बरोबरीने पाळीचे तासही मोजावे. कामगारानेही आपल्या औषधाची चिठ्ठी जपून ठेवावी, नमुना देण्यापूर्वी चालू औषधांची नोंद करून घ्यावी आणि खातरजमेची चाचणी झाल्यावाचून कोणत्याही कबुलीवर अंगठा उठवू नये. पट्टी खरेदी करावयास थोडे रुपये लागतात. तिचा अर्थ लावावयास मात्र ज्ञान लागते, आणि त्याहूनही अधिक न्यायबुद्धी लागते.